लुगड्याला गुंडी

लुगडं वाळलं की नाही ते बघायला मंदाकिनी परसात गेली होती, एवढंच. माघातली दुपार होती. टेंभी नाक्यामागच्या त्या आळीत जेवणं उरकून घरं आडवी झाली होती आणि विहिरीचा रहाटसुद्धा गप्प होता. घरात धोंडू पाळण्यात झोपला होता. तो उठायच्या आत दोरीवरचे कपडे काढावेत, घड्या घालाव्यात आणि जरा भिंतीला पाठ टेकावी, असा तिचा बेत. तिनं लुगडं ओढलं तर पदर जड लागला.

पदराच्या काठाशी गुंडी शिवलेली होती. पितळेची, पैशाएवढी, पक्की शिवलेली.

मंदाकिनी तिच्याकडे बघत राहिली. लुगड्याला गुंडी! त्या घरात गुंड्या लागायच्या त्या फक्त नवऱ्याच्या कचेरीच्या कोटाला. बाकी सगळा कारभार गाठींचा आणि बंदांचा. चोळीला गाठ, बाराबंदीला बंद, धोंडूच्या कुंचीला नाड्या. गुंडी लावायची कशी आणि काढायची कशी, हेही तिला धड माहीत नव्हतं. तिनं बोटानं ती चाचपली. शिवलेला दोरा जिथे तोडला होता तिथे त्याचं टोक ओलं होतं. कुणीतरी आत्ताच दातानं तोडावं तसं.

ती घाबरली नाही. तिच्या डोक्यात तिडीक गेली. कारण घरात गुंडी दिसली म्हणजे ती अण्णांचीच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

तिचे यजमान अण्णा फणसे ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. सरळ माणूस, पानतंबाखूसुद्धा नाही, पण त्यांना नाद होता जुन्या गुंड्यांचा. सुट्टीच्या दिवशी हातात लोखंडी सळई घेऊन ते जुन्या किल्ल्याच्या खंदकात, खाडीकाठी, पूर्वी पलटणींचे तळ पडत त्या माळावर उकरत हिंडायचे. त्यांच्यासारखे आणखी दोघेतिघे होते. कुणाला नाणी हवी असत, कुणाला गोळ्या. अण्णांना फक्त गुंड्या. त्या घरी आणायच्या, मंदाकिनीच्या चिंचेनं घासायच्या, तिच्याच पाटावर मांडायच्या आणि भिंग लावून बसायचं. गुंडीची पुढची बाजू कुणीही बघेल, खरी ओळख पाठीवर असते, असं ते म्हणत. कथलाची, साच्यात ओतलेली, कडीही त्याच ओतीतली, तर ती पेशवाईतली. पितळेची, कडी वेगळी डाख देऊन जोडलेली आणि पाठीवर कारखान्याची अक्षरं, तर ती अलीकडची. दोन पत्रे कडेनं दुमडून आतून पोकळ ठेवलेली असेल तर आणखी अलीकडची. हे सगळं ती जेवताना ऐकायची. प्रत्येक घासाबरोबर एक सनावळी. कचेरीतल्या कुणा हौशी साहेबानं एकदा त्यांच्या गुंड्या बघून "शाबास" म्हटलं होतं, तेव्हापासून तर विचारूच नये.

त्यातच पंधरवड्यामागे धाकू आला होता. हा कल्याणचा आगरी शेतकरी. दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीला लागून त्याची जमीन होती. बांध दुरुस्त करताना काही सापडलं तर तो अण्णांना आणून द्यायचा. त्या दिवशी त्यानं फडक्यातून काळ्या चिखलाचा गोळा आणला. आत कथलाच्या गुंड्या होत्या, सगळ्या एकाच घाटाच्या. इंग्रजांनी कल्याण घेतलं त्या धामधुमीतल्या, असं अण्णांनी ओटीवरच सांगून टाकलं.

"अख्खा डगलाच गावला ना," धाकू म्हणाला. "लाल. चिखलान उभा व्हता, मानूस उभा रवतो तसा."

"आणि माणूस?" मंदाकिनीनं दाराआडून विचारलं.

"तोच तं बोलतंय बाय. गुंड्या सगल्या लावलेल्या व्हत्या, पार गल्यापरंत. आन् आत कोन नव्हता." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "आमी गुंड्या सोरल्या तवा आतशी गरम वाफ आली. मंग कापून घेतल्या. डगला वालाच्या शेतान बुजगावन्याला घातलाय."

अण्णांचं लक्षच नव्हतं. ते चिंच मागत होते.

तेव्हा आता पदराला गुंडी बघून मंदाकिनीला कोडं पडायचं काहीच कारण नव्हतं. दिवेलागणीला अण्णा कचेरीतून आले, तेव्हा तिनं लुगडं त्यांच्यासमोर टाकलं.

"हे काय करून ठेवलंय इकडून? थट्टा करायची तर रीत आहे काही!"

"मी? मला सुई तरी धरता येते का?" अण्णांनी पदर उचलला, उजेडाकडे नेला आणि त्यांचा चेहराच फुलला. "अगं, ही माझी नव्हेच. पितळेची आहे ही. पाठीवर अक्षरं बघ. त्या कथलाच्या गुंड्यांनंतर चांगली तीसेक वर्षांनी झालेली. कुठे मिळाली तुला?"

"मिळाली? लुगड्याला शिवलेली होती!"

"हो, पण कापू नकोस हं. मला आधी दोरा बघू दे."

मंदाकिनीनं कपाळावर हात मारला. घरात कुणीतरी परकं शिरून बायकोच्या पदराला गुंडी लावून जातं आणि हा माणूस साल विचारतो!

दोन दिवसांनी अण्णांच्या उपरण्याला गुंडी लागली. मग पंच्याला. मग, ज्यानं तिचं डोकंच फिरलं, तिच्या सोवळ्याच्या धाबळीला. न्हाऊन ओलेत्यानं ती धाबळीला हात घालते तो मधोमध फुगीर, पोकळ गुंडी. सगळं सोवळं बाटलं. देव तसेच पारोसे राहिले. ती अण्णांवर ओरडली, मोलकरणीवर ओरडली, शेवटी पाटावर बसून रडली. अण्णा शेजारी बसून तीच गुंडी कानाशी हलवून बघत होते.

"दोन पत्र्यांची," ते म्हणाले. "विलायतेत राणी गादीवर आली त्या वेळची."

"मेली ती राणी!"

"तू समजून घे. आधीची हिच्यापेक्षा जुनी होती. तिच्याआधीची तिच्याहून जुनी." त्यांनी गुंड्या पाटावर ओळीनं लावल्या होत्या. "एकही मागची येत नाही. दर वेळी पुढची. क्रम कसा बिनचूक आहे बघ!"

"क्रम घाला चुलीत. येतंय कोण घरात, ते बघा."

पण अण्णांना ते बघायचं नव्हतं. साहेब येत्या शनिवारी घरी येऊन हा क्रम बघणार होता. सरकारी डाकबंगल्यावरून चालत येणार होता म्हणे, या आळीत! तिनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोला धरल्याचं तर अण्णांना कळलंसुद्धा नाही.

आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तो असाच दुपारचा. स्वयंपाकघरात ती तांदूळ निवडत होती. माजघरातून सुर्र... असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा सुर्र... जाड कापडातून मेणलेला दोरा ओढावा तसा, सावकाश, अंगवळणी पडलेल्या हातानं. मग बारीकसा टच्. दोरा दातानं तोडल्याचा. ती सूप टाकून धावली. माजघरात कुणी नव्हतं. वास मात्र होता. खाडीच्या चिखलाचा आणि भिजलेल्या घोंगडीचा, असा कोंदट की नाकाला पदर लावावा लागला. खुंटीवर अण्णांचं धोतर झुलत होतं. वारा नव्हता.

त्या संध्याकाळी धोतरावरची गुंडी बघताना अण्णा पहिल्यांदाच खुलले नाहीत. भिंग खाली ठेवून बसले.

"काय आहे?" तिनं विचारलं.

"बंडाच्या नंतरची आहे. त्या साली पलटणींचे डगले बदलले..."

"बरं मग?"

"मग... आता फार वर्षं उरली नाहीत ना मधे." त्यांनी आवाज खाली घेतला. "तो, जो कोण आहे तो... इकडेच येतोय. वर्षं ओलांडत."

"आणि आपल्या सालाला पोचला की?"

अण्णांनी गुंडी पाटावरच्या ओळीत शेवटी ठेवली.

"मग उद्याच्या उद्या त्या धाकूच्या गळ्यात बांधून या सगळं!"

"शनिवार होऊ दे," अण्णा म्हणाले. "फक्त शनिवार होऊ दे गं."

या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं की त्याचं फोडावं, हेच तिला कळेना. आधीची दोन मुलं सटवीनं नेली होती. म्हणून तिसऱ्याचं नाव धोंडू ठेवलं, कुणाची नजर जाऊ नये म्हणून. त्या मुलाचा पाळणा ती त्या दिवसापासून स्वयंपाकघरात, डोळ्यांसमोर बांधू लागली.

शुक्रवारी ती खांबाला टेकून बसली होती, हातात पाळण्याची दोरी. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली ती वासानं. पाळणा थांबला होता. धोंडू रडत नव्हता. पण नुसतं झोपलेलं मूल जसं गप्प असतं, तसा तो गप्प नव्हता...

ती वाकली. धोंडूला गुंडाळलेलं दुपटं पायांपासून हनुवटीपर्यंत गुंड्यांनी बंद केलं होतं. चकचकीत, नव्या कोऱ्या गुंड्या, कचेरीतल्या पट्टेवाल्याच्या अंगावर असतात तशा, मुकुटाच्या. दुपटं इतकं आवळलेलं की मुलाची छाती हलायला जागा नव्हती. ओठ जांभळे पडले होते. डोळे उघडे होते आणि तिच्याकडे लागले होते.

ती गुंड्यांवर तुटून पडली, पण तिच्या बोटांना ती विद्या नव्हती. ओढावं तर सुटेनात, ढकलावं तर आणखी रुतत. "अरे देवा, अरे देवा," म्हणत तिनं शेवटी तोंड खाली नेलं आणि गळ्याशी शिवलेला दोरा दातांत धरला. खारट लागला. ती चावू लागली, आणि तेवढ्यात दोऱ्याला हिसका बसला. पलीकडून. दोऱ्याचं दुसरं टोकही कुणाच्या तरी दातांत होतं.

दुसरी कुणी असती तर किंचाळून मागे झाली असती. मंदाकिनीच्या पोटात इतक्या दिवसांचा संताप साठलेला होता. "सोड मेल्या!" असं दातांतूनच म्हणत तिनं मान झटकली. दोरा तुटला. मग दुसरा, मग तिसरा. तिच्या ओठातून रक्त आलं. दुपटं सैल झालं, धोंडूनं एक लांब श्वास आत ओढला आणि असा टाहो फोडला की शेजारपाजारच्या बायका परसातून धावत आल्या.

अण्णा कचेरीतून निरोप गेल्यावर आले. त्यांनी मुलाच्या छातीवरचे गोल वळ बघितले. मग गुंडी हातात घेतली. भिंग लागलंच नाही.

"या यंदाच्या आहेत," ते म्हणाले.

शनिवारी साहेब आला असेल तर त्याला दाराला कुलूप दिसलं असेल. सकाळच्या गाडीनं दोघं मुलाला घेऊन कल्याणला उतरली होती. गुंड्या एका पुरचुंडीत, सुईदोरा मंदाकिनीच्या कमरेला.

वालाच्या शेतात मधोमध बुजगावणं उभं होतं. डगला विटकरी पडला होता. महिनाभर उन्हात उभा असूनही तो भिजलेलाच होता, आणि त्याच्या आसपासचा वाल काळवंडून गेला होता. मंदाकिनीनं तो स्वतः खाली ओढला.

"बाय, माजा वाल पोपट खातील ना!" धाकू कळवळला.

"खाऊ देत! तुझ्यामुळे झालंय हे सगळं. तुझ्यामुळे आणि यांच्यामुळे."

धोंडूला धाकूच्या बायकोच्या, मालनच्या मांडीवर देऊन ती बांधावर बसली आणि शिवायला लागली. कथलाच्या गुंड्या पुढच्या बाजूला, जिथे कापल्याच्या खुणा होत्या तिथेच. बाकीच्या जागा मिळेल तिथे, बाह्यांना, मागच्या टोकांना. अण्णा एकेक हातात देत होते. सवय कुठली जायला? "ही साधारण..."

"साल उच्चारलं तर ही सुई इकडेच टोचीन!"

अण्णांनी पुढची गुंडी नुसतीच तिच्या हातात ठेवली. मालन पदराआड हसली. तेवढंच त्या दिवशी कुणी हसलं.

शिवून झाल्यावर मंदाकिनीनं डगला बांधावर आडवा टाकला. गुंडी लावायची कशी, हे आता अण्णांनी तिला करून दाखवलं. लावायची मात्र तिनंच, असं तिनं ठरवलं होतं. अण्णांवर तिचा भरवसा राहिला नव्हता. खालून तिनं सुरुवात केली. पहिली सहज लागली. पोटाशी येईतो डगला जरा फुगलाय असं वाटलं. छातीपाशी तिला दोन्ही हातांनी कापड ओढून जवळ आणावं लागलं. आत काहीतरी भरत चाललं होतं, आणि ते वर सरकत होतं.

"अगं... राहू दे," अण्णा कुजबुजले. "पळू या."

"आता? इतकं करून?" तिनं डगल्यावर गुडघा रोवला. गळ्याच्या गुंडीपाशी तिच्या मनगटाला ऊन ऊन श्वास लागला, चिखलाच्या वासाचा. एकदा. पुन्हा एकदा. तिनं दात आवळून अंगठा दाबला आणि गुंडी काजात सारली. श्वास थांबला.

"झालं तुझं," ती म्हणाली. "नीज आता."

ज्या खड्ड्यातून तो निघाला होता त्याच खड्ड्यात तो पुरला. उचलायला धाकू आणि अण्णा दोघं लागले. धाकूनं वर चिखल चोपला, दगड बसवले आणि हात जोडले. अण्णांनी बरोबर आणलेली सळई तिथेच खाडीत भिरकावली.

त्यानंतर घर खरोखर शांत झालं. दुपारी फक्त माश्यांचा आवाज. अण्णांनी आपल्या आधीच्या संग्रहातल्या उरल्यासुरल्या गुंड्या साहेबाला देऊन टाकल्या, साहेब नाराज झाला तो झाला. मंदाकिनी पुन्हा भाजी महाग झाल्याबद्दल आणि मोलकरीण दांडी मारते त्याबद्दल कुरकुरू लागली, आणि आपल्याला अशा साध्यासुध्या गोष्टींवर चिडता येतंय याचंच तिला बरं वाटायचं.

भाद्रपद सरल्यावर धोंडूचं जावळ काढायचं ठरलं. तिनं त्याच्यासाठी स्वतः झबलं शिवलं, पांढऱ्या मांजरपाटाचं, पुढे दोन बंद. सकाळी न्हाऊ घालून त्याला पाटावर बसवलं, झबलं अंगात चढवलं आणि बंद बांधायला हात पुढे केला. बंद नव्हते. एका बाजूला रेखीव शिवलेलं काज होतं. दुसऱ्या बाजूला गुंडी.

तिनं हाक मारली नाही, पण अण्णा आपणहून आले. बसले. भिंग त्यांनी कधीच टाकून दिलं होतं, म्हणून डोळा अगदी जवळ नेला. गुंडी कसल्या धातूची ते त्यांना ओळखता येईना. राखाडी होती, हलकी होती, कुठे डाग नाही. पाठीला कडी नव्हती. दोरा ओवायला भोकं नव्हती. दोराच नव्हता. कापडाच्या आरपार जाऊन ती पलीकडून कापडाला चावून बसली होती.

"सांगावं ना आता," मंदाकिनी म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. "एरवी तर घासाघासाला सांगणं व्हायचं. कुठल्या सालची?"

अण्णांनी गुंडीवरून नख फिरवून पाहिलं.

"ही... अजून झालेलीच नाही गं. अशी गुंडी अजून कुणी केलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तो इथे थांबला नाही. पुढे गेला."

ती उठली. दोरा नसेल तर नसो, कापडच कापून काढते म्हणत फडताळातून कात्री घेऊन आली. धोंडू पाटावर तसाच बसला होता. अजून त्याला चमचा धड धरता येत नव्हता. त्यानं उजवा हात गळ्याशी नेला, खाली न बघता अंगठ्यानं गुंडी काजात सारली, झबल्याची कड खाली ओढून नीट केली, आणि निघायची वेळ झालेल्या माणसासारखा दाराकडे बघू लागला.